चुलवाणाच्या तोंडाशी: कुलगुरूंना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या सर्व विद्यापीठांचे कुलगुरू

महोदय, महोदया,



मी एकोणीस वर्षं यंत्र अभियांत्रिकी शिकवली. उष्मागतिकी, उष्णतावहन आणि ज्वलन हे माझे विषय. तीन वर्षांपूर्वी राजीनामा दिला. शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली, आणि स्टँडपर्यंत सोडायला आलेला एक जुना सहकारी म्हणाला, "बाई, सातवा वेतन आयोग सोडून चुली मांडायला निघालात." तो चेष्टा करत होता, पण माहिती अचूक होती. आज आम्ही चौघंजण औद्योगिक वसाहतीतल्या एका भाड्याच्या शेडमध्ये बसतो आणि भट्ट्यांत, चुलवाणांत, बर्नरांत काय जळतं आणि काय जळायचं राहून जातं याचा अभ्यास करतो. कंपनीच्या कागदांवर धंद्याचं स्वरूप 'स्वच्छ ज्वलनविषयक संशोधन' असं लिहिलंय. बँकेतल्या साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "म्हणजे विकता काय?"

मला अजूनही त्याचं एका वाक्यात उत्तर देता येत नाही. ते जाऊ दे. पत्र बँकेला नाही, आपल्याला आहे. आज मी शेडमध्ये जे काम करते ते आपल्या आवारात व्हायला हवं होतं, आणि ते तिथे का होऊ शकलं नाही हे आपल्याखेरीज दुसऱ्या कोणाला सांगून उपयोग नाही.

आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०१० साली चार काहिलींच्या गुऱ्हाळभट्टीवर एक निबंध प्रसिद्ध केला. चिपाड जाळून जेवढी उष्णता निघते तिच्यातली फक्त २९ टक्के उष्णता गूळ करायला लागते, असा त्यांचा हिशेब होता. बाकीची मुख्यतः धुराड्यातून आणि भिंतींतून जाते. पुढचा भाग मला जास्त आवडायचा. धुराड्यातल्या वायूंत ऑक्सिजन किती उरला आहे ते बघून त्यांनी चिपाड घालण्याचा वेग बदलला. भट्टी तीच, काहिली त्याच. एक किलो गुळामागे लागणारं चिपाड २.३९ किलोवरून १.७३ किलोवर आलं.

हा निबंध मी दरवर्षी वर्गात शिकवायचे. फळ्यावर उष्णतेचा ताळेबंद मांडायचा, बाण काढायचे, टक्केवारी लिहायची. आमच्या कॉलेजपासून गाडीने वीस मिनिटांवर गुऱ्हाळं होती आणि हंगामात खिडकीतून त्यांचा धूर दिसायचा. सात वर्षं मी त्या धुराकडे पाठ करून फळ्यावर धूर काढत होते. आठव्या वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. त्याच्या वडिलांचं गुऱ्हाळ होतं. "मॅडम, मग आमच्या चुलवाणात किती ऑक्सिजन असंल?"

मला माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं, कारण कोणी मोजलाच नव्हता.

त्या गुऱ्हाळात मी पहिल्यांदा गेले ती डिसेंबरातली पहाट होती. चरक सुरू होता. काहिलीभोवती गुळव्या आणि दोन गडी होते. मळी निघत होती, भेंडीचा चिकट रस पडत होता. आलेल्या माणसाला हे सगळं दाखवतात, गरम काकवी चाखायला देतात. भिंतीच्या पलीकडे, खालच्या अंगाला, खड्ड्यात चुलवाणाच्या तोंडाशी जाळ घालणारा माणूस बसलेला असतो. तिकडे पाहुण्याला कोणी नेत नाही. मी वळले तसे मालक म्हणाले, "म्याडम, तिकडं कुठं? धूर लागंल. गूळ हिकडं हाय."

खड्ड्यात तात्या होते. सगळे त्यांना तात्याच म्हणत. साठी ओलांडलेली, भुवया करपून गेलेल्या. वाळलेल्या चिपाडाची एक मोठी कवळ ते तोंडातून आत लोटत, मग मागे भिंतीला टेकून बसत, पाच-सात मिनिटांनी पुन्हा कवळ. माझ्याकडे त्या दिवशी एक तापमापक तार आणि वही होती. वायू मोजायचं यंत्र कॉलेजात होतं, पण ते आवाराबाहेर नेण्याची तरतूद नव्हती. पडलं, हरवलं तर डेडस्टॉक रजिस्टरवर सही कोणाची, हा प्रश्न विभागाला पडला होता, आणि खरं सांगायचं तर तो प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. पुढच्या रविवारी मी एका माजी विद्यार्थ्याकडून त्याच्या कारखान्यातलं यंत्र उसनं आणलं.

धुराड्यात नळी घातली आणि आम्ही पडद्याकडे बघत राहिलो. कवळ आत गेली की ऑक्सिजन झपकन तळाला जायचा आणि कार्बन मोनॉक्साइड मोजपट्टीच्या बाहेर. धुराड्यातून काळा लोट. मग कवळ जळून संपायची, तोंड उघडंच असल्यामुळे थंड हवा आत शिरायची, ऑक्सिजन चढायचा. धूर नाहीसा व्हायचा आणि बघणाऱ्याला वाटायचं, आता छान चाललंय. छान काही चाललेलं नसायचं. त्या वेळी काहिलीखालची उष्णता ती जादा हवा तापवण्यात जात होती.

आपल्यापैकी जे रसायनशास्त्राचे नाहीत त्यांच्यासाठी दोन वाक्यं. लाकूड काय, चिपाड काय, शेणी काय, त्यांचा मोठा भाग थेट जळत नाही. तापल्यावर त्यातून आधी वायू सुटतात. कोरड्या लाकडाच्या वजनाचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग असा वायू होऊन बाहेर पडतो, ज्वाला दिसते ती त्याची, आणि शेवटी उरतो तो निखारा. त्या वायूंना पुरेशी हवा, पुरेसं तापमान, पुरेसा वेळ आणि नीट घुसळण मिळाली तर धूर दिसतच नाही. चारांतलं एक कमी पडलं की काजळी, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड. म्हणजे काळा धूर हे न जळलेलं इंधनच असतं. मालकांना हे एका वाक्यात कळलं. "म्हंजे धुराड्यातनं पैसं चाललंत म्हणा की."

पण तात्यांनी विचारलेला प्रश्न निबंधात नव्हता. मी त्यांना समजावत होते की मोठी कवळ टाकण्यापेक्षा थोडं थोडं, सारखं घालत राहिलं तर चिपाड कमी लागेल. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग मी टेकू कवा?"

मी वर्गात 'नियंत्रित इंधनपुरवठा' हे शब्द अनेकदा उच्चारले होते. ते नियंत्रण करणारा माणूस पहाटेपासून खड्ड्यात बसलेला असतो, त्याला आदणामागे पैसे मिळतात, आणि दोन कवळींमधली ती पाच-सात मिनिटं हीच त्याची सुट्टी असते, हे माझ्या ताळेबंदात कोणत्याच बाणावर लिहिलेलं नव्हतं. मोठ्या कवळी टाकणं हे त्यांचं अज्ञान नव्हतं. जाळाच्या आवाजावरून वर पाक कुठवर आलाय ते तात्या भिंतीआडून सांगत. त्यांना कमी चिपाडात काम करता येत होतं. ते करायचं तर श्वास घ्यायला फुरसत मिळत नव्हती. भट्टीची कार्यक्षमता तात्यांच्या पाठीवर येऊन अडली होती.

खरा संशोधनाचा प्रश्न मला तिथे मिळाला. चिपाड आपोआप, हळूहळू आत सरकेल आणि तात्या टेकून बसतील, अशी विजेशिवाय चालणारी आणि गावातल्या वेल्डरला दुरुस्त करता येणारी सोय कशी करायची? साखर कारखान्यांच्या जुन्या बॉयलरांत पायऱ्यापायऱ्यांच्या तिरप्या जाळ्या असायच्या. ती कल्पना लहान करून आणायची होती. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या हंगामात आम्ही लावलेल्या घसरगुंडीत चिपाडाचे धागे एकमेकांत गुंतले, माल अडकला, आणि आग उलटी वर चढत आली. मालकांनी काही न बोलता ती उचलून उकिरड्यावर टाकली. दुसऱ्या दिवशी तात्यांनीच दाखवलं की घसरगुंडी वर रुंद आणि खाली अरुंद केल्यामुळे चिपाड दाटतं. वर अरुंद, खाली पसरट पाहिजे. धान्याच्या कोठीचं चित्र डोक्यात ठेवून मी उलटं केलं होतं. दुसऱ्या हंगामाच्या शेवटी त्या गुऱ्हाळाच्या खळ्यावर चिपाडाची एक गंजी शिल्लक राहिली. कोल्हापूरकडची गुऱ्हाळं ज्यांना माहीत आहेत त्यांना या गंजीचं मोल सांगायला नको. चिपाड पुरत नाही तेव्हा माणसं काय काय जाळतात, टायरसुद्धा, हे आपण वर्तमानपत्रांत वाचलेलं असेल.

या कामावर मी निबंध लिहिला. परीक्षकाने परत पाठवला. मुद्दा एकच होता: यात शास्त्रीय नावीन्य नाही. मी तो अभिप्राय दोन-तीनदा वाचला आणि मला राग आला नाही, कारण त्याच्या जागी मी असते तर कदाचित मीही हेच लिहिलं असतं. मी तशीच घडले होते.

इथे थोडं विषयांतर करते. १८१२ साली इंग्लंडमध्ये फेलिंगच्या कोळसा खाणीत वायूचा स्फोट होऊन ९२ माणसं आणि मुलं मेली. काही वर्षांनी तिथल्या मंडळींनी रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीला बोलावलं. तो १८१५ मध्ये खाणींवर जाऊन आला, खाणीतला वायू मागवून प्रयोग केले आणि वर्ष संपायच्या आत तारेच्या बारीक जाळीचा दिवा तयार केला. जाळी ज्वालेची उष्णता शोषून घेते, म्हणून ज्वाला छिद्रातून बाहेर पडून खाणीतला वायू पेटवू शकत नाही. डेव्हीने त्याचं पेटंट घेतलं नाही. ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. तिचा दुसरा भाग शाळेत येत नाही. त्याच सुमारास किलिंगवर्थच्या खाणीत यंत्रं सांभाळणारा जॉर्ज स्टीफन्सन याने स्वतःचा सुरक्षित दिवा बनवून तो खाणीतच नेऊन पाहिला होता. पुढे रेल्वे इंजिनांमुळे जगाला माहीत झालेला हाच तो माणूस. तरुण होईपर्यंत त्याला धड लिहिता-वाचता येत नव्हतं. रॉयल सोसायटीतल्या डेव्हीला काही केल्या हे पटलं नाही की खाणीतला अशिक्षित माणूस स्वतःच्या बुद्धीने तिथवर पोचू शकतो. त्याला ती चोरीच वाटली. मी तात्यांच्या खड्ड्यात बसले की मला डेव्हीची थोडी कीव येते. दिवा त्याला जमला, पण खाणीत त्याच्या बरोबरीचा माणूस आहे हे त्याला दिसलं नाही.

महाराष्ट्राला ही वाट नवी नाही, हे मला माहीत आहे. अनिल राजवंशी फ्लोरिडा विद्यापीठातून १९८१ साली थेट फलटणला आले आणि निंबकर कृषी संशोधन संस्थेत त्यांनी उसाच्या पाचटावर चालणारे गॅसिफायर, अल्कोहोलवर चालणारे दिवे आणि शेगड्या यांवर आयुष्य घातलं. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेला उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या पद्धतीसाठी २००२ साली लंडनचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. कर्वे मुळात वनस्पतिशास्त्रज्ञ. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एच. एस. मुकुंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रॉकेटच्या ज्वलनासोबत चुलीच्या ज्वलनावर काम केलं. त्यातून आलेली 'ऊर्जा' ही पेलेटची शेगडी लाखो घरांत गेली आणि पुढे तिचा व्यवसाय पुण्यातल्या कंपनीकडे आला. मग पेलेटचे भाव चढले आणि घरगुती गिऱ्हाईक तुटत गेलं. शेगडी उत्तम होती, इंधनाने घात केला.

त्याआधीची निर्धूर चूल आपल्यापैकी अनेकांनी आजोळी पाहिलेली असेल. १९८३ पासून सुमारे दोन दशकं सरकारने तीन कोटींहून अधिक सुधारित चुली बसवल्या. किती बसवल्या याचा हिशेब पक्का आहे. दोन पावसाळ्यांनंतर त्यांतल्या किती पेटत होत्या, धुराडं कितीजणींनी फोडून टाकलं, आणि का, हे विचारायला पुरेशी माणसं परत गेली असती तर पुढचं बरंच काही वाचलं असतं. मी या सगळ्यांतून एवढंच घेतलं की आपण चूल विकायची नाही. आम्ही मोजमाप विकतो, आणि जिथे आग आहे तिथे परत परत जाणं विकतो. बँकेतल्या साहेबांना हे पटलं नाही. त्यांना दोष देत नाही.

आता आपल्यापैकी कोणाच्या तरी मनात येणारा प्रश्न. एका माजी विभागप्रमुखांनी मला तो स्पष्टच विचारला होता: जग जाळणंच सोडून द्यायला निघालंय, मुलांना बॅटरी आणि कृत्रिम बुद्धिमत्ता हवी आहे, अशा वेळी ज्वलनावर कंपनी? ज्वलनाचा ऐच्छिक विषय अनेक ठिकाणी याच कारणाने बंद पडला. विद्यार्थी मिळत नाहीत, हे खरं आहे.

सर, अंगणातल्या बंबाकडे बघा. गॅसवर चहा होतो आणि आंघोळीचं पाणी बंबावर तापतं, अशी किती घरं आपल्या गावांत आहेत. उज्ज्वला योजनेत २०१६ पासून दहा कोटींहून अधिक जोडण्या दिल्या गेल्या, ते मोठंच काम झालं, पण त्यांतल्या कित्येक घरांत चूलही चालू आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या धुराने २०२० या एका वर्षात जगभर ३२ लाख माणसं दगावली. जाळणं संपायला अजून बराच काळ जाईल, आणि तोवर ते बघायचं कोणी?

शिवाय जे नवं इंधन येणार म्हणतात तेही जळणारच आहे. राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानासाठी केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपये मंजूर केले. हायड्रोजन जळून फक्त पाणी होतं, असं वाक्य प्रत्येक भाषणात असतं. शुद्ध ऑक्सिजनमध्ये जाळला तर होतं. आपण जाळतो हवेत, आणि हवेचा चार-पंचमांश भाग नायट्रोजन. ज्वाला दीड हजार अंशांच्या वर तापली की तोच नायट्रोजन ऑक्सिजनशी जोडला जाऊन नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात. हायड्रोजनची ज्वाला नैसर्गिक वायूच्या ज्वालेपेक्षा कितीतरी वेगाने पळते. जुन्या बर्नरमध्ये ती उलटी आत शिरते. माझ्या घसरगुंडीत चिपाडाची आग उलटी चढली होती, तसाच प्रकार, फक्त सेकंदाच्या अंशात आणि जास्त घातक. हे सगळं ज्वलनाच्या विषयातलं आहे. तो विषय विद्यार्थी नाहीत म्हणून बंद झाला आणि अभियानाला माणसं हवी आहेत.

मुंबईच्या बेकऱ्यांचं उदाहरण ताजं आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. निर्णय योग्यच होता. त्या गल्ल्यांत राहणाऱ्यांच्या फुफ्फुसांचा प्रश्न होता. एका बेकरीवाल्यांनी आम्हाला बोलावलं. त्यांची पावाची भट्टी म्हणजे विटांची जाड घुमटी. आत लाकूड पेटवायचं, विटा तापवायच्या, निखारे बाजूला ओढायचे आणि मग विटांत साठलेल्या उष्णतेवर पाव भाजायचे. त्यांनी घाईघाईने गॅसचा बर्नर बसवला होता. तळ करपत होता आणि वर रंग येत नव्हता. इंधन बदललं होतं, पण त्या भट्टीचा सगळा घाट लाकडासाठी होता: ज्वाला कुठे आपटते, विटा किती वेळ तापतात, आतला धूर कुठून बाहेर पडतो. आम्हाला तीन रात्री लागल्या. बेकरी रात्री चालते, दिवसा नाही, हेही मला तिथेच कळलं. शहरात शेकडो बेकऱ्या आणि अभियांत्रिकी कॉलेजांचीही काही वाण नाही. प्रत्येक कॉलेजाने एकेक भट्टी घेतली असती तरी सहा महिने पुरेसे होते.

पण कुठल्या शिक्षकाने जायचं? आणि कशाच्या बळावर?

सेवेतला शिक्षक आपलं वर्ष कसं मोजतो हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. २०१० मध्ये एपीआयचे (शैक्षणिक कामगिरी निर्देशांकाचे) गुण आले, मग त्यांत बदल झाले, निबंधांच्या मान्यताप्राप्त याद्या आल्या, गेल्या. प्रत्येक पद्धतीत निबंधाला रकाना होता, परिसंवादाला होता, समितीवर बसायलाही होता. तीन रात्री बेकरीत बसून पाव करपायचा थांबवला, याला कुठला रकाना? मी पदोन्नतीच्या अर्जात तात्यांची घसरगुंडी 'विस्तार कार्य' या सदराखाली भरली होती. रक्तदान शिबिर आणि वृक्षारोपणाच्या शेजारी.

आणि बाहेर जायची परवानगीही कागदावर आहेच. केंद्राच्या शिक्षण खात्याने २०१९ साली विद्यार्थी आणि शिक्षकांसाठी नवोपक्रम व स्टार्टअप धोरण आणलं. शिक्षकाला एखादं सत्र किंवा वर्ष रजा घेऊन स्वतःचा उद्योग उभा करता यावा आणि परत येता यावं, असं त्यात म्हटलेलं आहे. मी ते वाचून अर्ज केला. अर्ज चौदा महिने फिरला. कोणी नाही म्हटलं नाही, कोणी हो म्हटलं नाही. मागच्या माणसाने काय केलं होतं, असं प्रत्येक टेबलावर विचारलं गेलं, आणि मागचा माणूस नव्हता. शेवटी मीच राजीनामा लिहिला, कारण हंगाम तोंडावर आला होता. गुऱ्हाळाला समितीची पुढची बैठक थांबवत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' ही चांगली सोय केली. उद्योगातला माणूस आपल्याकडे शिकवायला येऊ शकतो. म्हणजे मी आता बाहेरची तज्ज्ञ म्हणून माझ्याच जुन्या वर्गात येऊ शकते. आत असताना बाहेर जाऊ शकत नव्हते. यात विनोद आहे, पण मला एकटीला हसू येऊन उपयोग नाही.

मला सर्वांत जास्त काय खुपतं ते सांगू? पगार नाही. पगाराची सवय सुटायला दीड वर्ष लागलं, भविष्य निर्वाह निधीतले पैसे यंत्रावर घालताना घरी दोन दिवस अबोला झाला, पण ते निभावलं. खुपतं ते ग्रंथालय. जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' सुरू झालं. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, सुमारे १३,००० नियतकालिकं, आणि ती सरकारी विद्यापीठं, कॉलेजं आणि संशोधन संस्थांतल्या प्रत्येकासाठी खुली. मी ज्या दारातून बाहेर पडले त्या दाराच्या आत आता सगळं जग मोफत वाचायला मिळतं. माझ्या शेडमधल्या मुलाला एका निबंधासाठी तीन हजार रुपये मोजावे लागतात किंवा जुन्या मित्राला फोन करावा लागतो. तो मित्र आपल्यापैकीच कोणाच्या तरी विद्यापीठात आहे आणि दर वेळी तो थोडा कमी उत्साहाने फोन उचलतो. एक वाचनकक्ष, एक ओळखपत्र, आठवड्यातून एक दिवस आत येऊन बसायची मुभा: याला कोणाचीही मंजुरी लागत असेल असं मला वाटत नाही, आपली सोडून.

आणि ते रजेचं. धोरण येऊन इतकी वर्षं झाली. आपल्या विद्यापीठात आजवर किती शिक्षकांना ती रजा मिळाली, हा आकडा आपल्या संकेतस्थळावर टाकाल का? शून्य असला तरी टाका. पुढच्या माणसाला निदान कळेल की मागचा माणूस खरंच नव्हता.

यंत्रांबद्दलही बोलायला हवं. कित्येक विभागांत लाखो रुपयांची वायुविश्लेषक यंत्रं हिवाळ्यात झाकून ठेवलेली असतात, कारण परीक्षा चालू असतात, आणि नेमका तोच गुऱ्हाळांचा, वीटभट्ट्यांचा, शेकोट्यांचा काळ असतो. त्यांची बॅटरी वर्षभर न वापरता मरते. बाहेर नेली तर कदाचित पडतील. आमचं एकदा पडलं, नळी काजळीने भरली ती वेगळीच. तात्यांनी ती जुन्या धोतराच्या चिंधीने आणि गरम पाण्याने साफ करून दिली, कंपनीच्या माणसाने नंतर बघितलं तर त्याला काही वेगळं करायचं उरलं नव्हतं.

तो मागच्या बाकावरचा मुलगा आता आमच्या शेडमध्ये काम करतो. मागच्या हंगामात त्याने वडिलांच्या गुऱ्हाळात ऑक्सिजन दाखवणारा एक साधा दिवा बसवला: हिरवा, पिवळा, लाल. मी तो वर, मालकाला दिसेल असा लावायला सांगितला होता. त्याने तो खाली खड्ड्यात, तात्यांच्या डोळ्यांसमोर लावला. तात्या म्हणाले, मला आवाजावरून कळतंय, पण असू दे, रात्री उजेड पडतोय.

पुढचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होईल. आमची गाडी पहाटे चारला निघते आणि तिच्यात दोन जागा रिकाम्या असतात. आपल्यापैकी कोणाला यायचं असेल तर आदल्या दिवशी कळवा. जुने कपडे घाला. धुराचा वास आठवडाभर जात नाही. आणि खाली खड्ड्यात उतरताना डोकं वाकवा, तुळई खाली आलेली आहे.

आपली,
यंत्र अभियांत्रिकीची एक माजी शिक्षिका